कलावंताचा एक चातुर्मास शाळेत घडावा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लिखित पाठ)



समाजाच्या कोणत्याही ट्रस्टच्या वार्षिक अहवालात शिक्षणविषयक खर्चाचे रकाने ठरलेले असतात. शिष्यवृत्ती, वह्यावाटप, गणवेश, वसतिगृहाला धान्य, गुणवंतांचा सत्कार. हे सर्व आवश्यकच आहे आणि ते चालू राहावे. आजचा विषय मात्र ज्या खर्चाला कोणत्याच अहवालात रकाना नाही त्याविषयीचा आहे. शाळेतील कलाशिक्षण आणि गावातील कलावंत या दोघांची गाठ घालून देण्याचा हा विषय आहे.

डिसेंबर-जानेवारीत कोणत्याही शाळेच्या स्नेहसंमेलनास जावे. मंचावर रोषणाई असते, मुले हौसेने नाचत असतात आणि गाणे ध्वनिवर्धकावर चित्रपटाचे वाजत असते. पोशाख भाड्याने आणलेले असतात. एका दिवसाच्या झगमगत्या पोशाखाचे भाडे आणि चांगल्या सुती कापडाच्या गणवेशाची किंमत यांत फारसे अंतर उरलेले नाही, हे कापडबाजारातील कोणीही सांगेल. नाच बसवून देणारा गृहस्थ दहा-पंधरा दिवसांसाठी येतो व निघून जातो. त्याच शाळेच्या मागच्या गल्लीत एखादा गोंधळी राहत असतो, एखाद्या भजनी मंडळाचा पखवाजी राहत असतो, शेजारच्या तांड्यावर भरतकामात आयुष्य घालवलेली एखादी आजी असते. त्यांच्यापैकी कोणालाही शाळेचे फाटक ओलांडण्याचे निमंत्रण गेलेले नसते. कित्येकदा तर त्या गोंधळ्याचा मुलगा त्याच शाळेत मागच्या बाकावर बसलेला असतो आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असता ‘मजुरी’ असे सांगतो.

या भागात कलाशिक्षणाची उपेक्षा होण्यास एक खास कारण आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर आदराने उच्चारला जातो. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांच्या परिश्रमातून मराठवाड्यातील सामान्य घरातील मुले-मुली डॉक्टर आणि अभियंते झाली. १९९३ च्या भूकंपाने ज्या जिल्ह्याचे नाव दुःखाशी जोडले गेले, त्याचे नाव पुढे गुणवत्तेसाठी घेतले जाऊ लागले. नांदेडही त्याच वाटेने गेले. हे यश लहान नव्हे, आणि येथे बसलेल्या अनेक कुटुंबांनी त्याची फळे चाखली आहेत. पण त्याची किंमतही चुकवावी लागली. लातूरच्या ‘ट्यूशन एरिया’त पहाटेपासून रात्रीपर्यंत सायकली आणि दप्तरे यांची वर्दळ असते. आठवी-नववीपासूनच पालक वेळापत्रकातून प्रथम चित्रकलेचा तास काढतात, मग संगीताचा, आणि शेवटी खेळाचा.

शासनाने २०१७ साली दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, लोककला व चित्रकला यांसाठी वाढीव गुणांची तरतूद केली. हेतू उत्तम होता. परिणामी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या श्रेणी परीक्षांकडे पालकांचे लक्ष गेले. परंतु गुणांसाठी धरलेला कुंचला गुण मिळाले की माळ्यावर जातो. गुणांनी मूल वर्गापर्यंत येते. त्याला तेथे टिकवून ठेवायला समोर जिवंत कलावंत लागतो.

ही कल्पना परकी नाही, आणि या भूमीला तर मुळीच नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार ही त्यांच्याच वैभवाची खूण. याच घराण्यातील अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणाची रचना केली. त्यात भगवान ऋषभदेवांनी आपल्या अपत्यांना दिलेल्या शिक्षणाचे वर्णन येते. ब्राह्मीला लिपी व सुंदरीला अंकविद्या दिली, हे पाठशाळेतील प्रत्येक बालकास ठाऊक असते. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. भरतास अर्थशास्त्राबरोबर नृत्यशास्त्र, वृषभसेनास गायन-वादनाची गांधर्वविद्या, अनंतविजयास चित्रकला, अशी ती वाटणी आहे. ज्या घरात लिपी आणि अंक प्रथम शिकविले गेले असे आपण मानतो, त्याच घरात गाणे आणि चित्र यांनाही विद्येचेच स्थान होते.

नांदेडचा अलीकडचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. नरहर कुरुंदकर यांचे नाव विचारवंत म्हणून सर्वतोमुखी आहे. पीपल्स कॉलेजात जाण्यापूर्वी काही वर्षे ते प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक होते, आणि भरताच्या नाट्यशास्त्रापासून सौंदर्यविचारापर्यंत त्यांचा व्यासंग होता. त्यांचे देहावसानही १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका संगीत कार्यक्रमाच्या व्यासपीठावर झाले. पंडित अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे गाणे शिकलेले, नांदेडचे सुपुत्र पंडित नाथराव नेरळकर पुढे औरंगाबादच्या सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीताचे प्राध्यापक झाले आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मराठवाड्यात त्यांचे शिष्य तयार होत राहिले. चित्रकार त्र्यंबक वसेकर यांच्या अभिनव चित्रशाळेने नांदेडात चित्रकलेच्या शिक्षणाची सोय केली. मोठ्या शहराच्या मानाने साधने तुटपुंजी होती, तरी शिकणारा आणि कलावंत यांच्यात त्या काळी फार मोठी भिंत नव्हती. विद्यार्थी गुरूच्या घरी जाऊ शकत होता. आता मुलाला तेवढी सवड नाही. म्हणून गुरूने शाळेत यावे लागेल.

या संदर्भात पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे उदाहरण ट्रस्टच्या विश्वस्तांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या आश्रयावर विसंबून न राहता जाहीर जलसे आणि लोकांच्या देणग्या यांवर ते चालविले. १९०८ साली त्यांनी मुंबईत काम सुरू केले. तेथे स्वतःची इमारत उभारली आणि त्यासाठी कर्ज काढले. कर्ज फिटेना. अखेर १९२४ च्या सुमारास ती वास्तू हातची गेली. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा बुडीत व्यवहार. परंतु पलुसकरांनी त्याच काळात दुसरी एक गुंतवणूक केली होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडविले होते. त्यांच्या पश्चात १९३१ साली शिष्यवर्गाने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि त्या मंडळाच्या परीक्षांना आजही मराठवाड्यातील मुले बसतात. वास्तू लिलावात गेली, माणसे कामास आली. सभागृहासाठी कोनशिला बसविण्यापूर्वी हा जमाखर्च एकदा डोळ्यांखालून घालावा.

स्वातंत्र्यानंतर या दिशेने झालेल्या प्रयत्नांत ‘स्पिक मॅके’ ही चळवळ ठळक आहे. दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये ती सुरू केली. देशातील थोर गायक, वादक, नर्तक शाळा-महाविद्यालयांत जाऊन मुलांसमोर कला सादर करतात व तिच्याविषयी बोलतात. परदेशात व्हेनेझुएला या देशात होसे अब्रेऊ यांनी १९७५ साली गरीब वस्त्यांतील मुलांसाठी वाद्यवृंदाची चळवळ आरंभिली. हे गृहस्थ संगीतकार तर होतेच, पण शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ होते. हिशेब कळणाऱ्या माणसाला कलेचे काम जमत नाही, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली. तेथे मुले रोज एकत्र जमतात, रोज वाजवतात. आपल्याकडे एका थोर कलावंताचा एक कार्यक्रम होतो, मुले भारावतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तेच पाढे. भारावणे आवश्यक आहे, पण त्यानंतर कोणीतरी थांबायला हवे.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे. पण त्यास पटसंख्या १०० हून अधिक असण्याची अट आहे. वाडी-तांड्यावरील शाळा, जेथे लोककला खऱ्या अर्थाने जिवंत आहे, त्या या अटीने आपोआपच बाहेर राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत व कारागीर यांना शाळांनी निष्णात मार्गदर्शक म्हणून बोलवावे, तसेच सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना अशा माणसांच्या सहवासात ठेवावे, अशी शिफारस आहे. म्हणजे दार उघडे आहे. मानधन कोणी द्यायचे, एवढ्याच प्रश्नावर बहुतेक मुख्याध्यापक थांबतात.

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. गोंधळ्याचे वर्ष कसे जाते? तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि ज्येष्ठापर्यंत त्याला उसंत नसते. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा भरते; तेथे वाघ्या-मुरळी, शाहीर, तमाशाचे फड, सारे लोटतात. आश्विनात नवरात्राची धावपळ असते. मात्र आषाढी एकादशीपासून घटस्थापनेपर्यंत लग्ने नसतात, जत्रा नसतात, हातात काम नसते, आणि याच काळात घरात पैशाची चणचण सर्वाधिक असते. शाळेचे पहिले सत्र नेमके तेव्हाच चालू असते. साधु-साध्वी चातुर्मासात एका गावी स्थिर राहतात आणि त्या गावाला त्यांच्या मुक्कामाचा लाभ होतो, हे जैन समाजाला सांगण्याची गरज नाही. त्याच काळात लोककलावंतानेही एका शाळेत स्थिर राहावे आणि त्या मुक्कामाचा भार एका ट्रस्टने उचलावा. सगळी योजना एवढीच आहे. पंचांगाने ती जुळवून ठेवली आहे, माणसांनी अजून जुळविलेली नाही.

खर्चाचा अंदाज मांडून पाहू. जुलै ते सप्टेंबर असे १२ आठवडे धरावेत. आठवड्यातून ३ दिवस, दररोज दोन वर्गांना एकेक तास. एकूण ३६ दिवस. दिवसाला ६०० रुपये मानधन धरल्यास २१,६०० रुपये होतात. येण्या-जाण्यास रोज १०० रुपये, म्हणजे ३,६००. टाळ, झांजा, रंग, कागद, सुई-दोरा यांसाठी १०,०००. बेरीज ३५,२०० रुपये. दहा शाळांचा भार उचलला तर ३,५२,००० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, कमी-अधिक होतील. पण एखाद्या समारंभाचा मंडप, भोजन आणि निमंत्रणपत्रिका यांचा हिशेब ज्यांनी ठेवला आहे, त्यांना या बेरजेचे भय वाटू नये.

मानधनाविषयी एक आग्रह अवश्य असावा. ते दरमहा, ठरल्या तारखेस, बँकेतून द्यावे. कलावंताचा सन्मान म्हणजे शाल-श्रीफळ, अशी आपली रीत पडून गेली आहे. कित्येक कलावंतांच्या पेटीत सत्काराच्या शाली घडीसुद्धा न मोडता पडून आहेत, आणि त्या विकणाऱ्या दुकानदारांना हे पक्के ठाऊक असते, कारण काही शाली फिरून त्यांच्याच दुकानात परत येतात.

शाळेकडूनही दोन गोष्टी हव्यात. कलावंत शिकवीत असताना वर्गशिक्षकाने वर्गात बसावे, त्या वेळेत वह्या तपासू नयेत. कलावंत सप्टेंबरात जाणार. जे शिल्लक राहायचे ते शिक्षकाच्या हातात राहिले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, शेवटी मंचावर कार्यक्रम झालाच पाहिजे अशी अट घालू नये. अट घातली की बारा आठवड्यांतील दहा आठवडे एकाच गाण्याच्या तालमीत जातात आणि मूल त्या गाण्यापलीकडे काही शिकत नाही.

काय शिकवता येईल, याचा साठा दोन्ही जिल्ह्यांत विपुल आहे. औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा आहे. फेर धरून गाताना ताल, श्वास आणि पाऊल यांचा जो मेळ घालावा लागतो तो कोणत्याही कवायतीच्या तासात मिळणार नाही. देगलूरकर महाराजांच्या घराण्याने कीर्तनाचा वारसा जपला आहे. उत्तम कीर्तनकार हा वक्तृत्वाचा उत्तम शिक्षक असतो. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये रागबद्ध गुरुबाणीचे कीर्तन नित्य चालते, आणि शहरातील किती शाळांनी आपली मुले तेथे केवळ कान देण्यासाठी नेली असतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. किनवटच्या डोंगराळ भागात गोंड-कोलाम बांधवांचे दिवाळीच्या सुमाराचे दंडार नृत्य आहे.

आणि बंजारा तांड्यांवरील भरतकाम. कापडाच्या व्यवहारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना या कामापुढे नम्र व्हावे लागते. फेटिया, काचळी, टुकरी या पारंपरिक वस्त्रांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांची जी मांडणी असते, ती कोणत्याही छापील नमुन्यावरून केलेली नसते. आजी कापडाचे धागे मोजते, डाव्या बाजूस जेवढे टाके तेवढेच उजव्या बाजूस घालते, चौकोनात चौकोन आणि त्यात तिरपी रेषा काढते. हे गणित आहे, आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रीने ते सांभाळले आहे. तांड्यावरील तरुण सुना आता साडी नेसतात, त्यामुळे नवे काम निघत नाही. जुने फेटिये गठ्ठ्याने व्यापारी नेतात, त्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात आणि मोठ्या शहरांत चढ्या भावाने विकले जातात. सातवीच्या वर्गात सममिती शिकविताना अशा एका आजीला आठवडाभर बोलाविले तर गुरुजींचे काम हलके होईल. शिवाय तांड्यावरची मुलगी आजीचा हात धरून वर्गात येईल.

काही आक्षेप येतील, त्यांचा विचार मोकळेपणाने करावयास हवा. गोंधळ ही देवीची उपासना आहे, मग ती शाळेत कशी, असे काही जण विचारतील. शाळेत पूजा मांडायची नाही. कथा कशी खुलवावी, दोघांनी सवाल-जवाब कसा करावा, संबळाचा ताल कसा धरावा, एवढेच शिकायचे आहे. दुसरा आक्षेप आपल्या घरातील आहे. संबळ, हलगी, दिमडी ही चर्मवाद्ये. त्यांच्या खरेदीस ट्रस्टचा पैसा वापरावा काय? हा संकोच प्रामाणिक आहे आणि त्याची थट्टा करू नये. वर मांडलेल्या हिशेबात टाळ-झांजा आहेत आणि चर्मवाद्य नाही, ते याचसाठी. वाद्य कलावंत स्वतःचे आणील, ट्रस्ट त्याच्या श्रमाचे मोल देईल. तरी आपल्या मंदिरातील पूजेच्या वेळी भजनी मंडळाचा ढोलक आणि तबला वाजतो, तेव्हा हा प्रश्न कोणी काढत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. तिसरा आक्षेप पालकांचा, की अभ्यासाचा वेळ जाईल. तो त्यांनी घ्यावा आणि मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घ्यावा. आठवड्यातून एक-दोन तास ही मागणी आहे, आणि ती सहावी ते आठवीपुरती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेऊन त्यांना पुण्यास नेले; वाघोलीचे शैक्षणिक संकुल त्यातून उभे राहिले. संकट समोर दिसत होते आणि समाज धावला. आज जे नष्ट होत आहे ते एका रात्रीत कोसळणारे नाही. गोंधळ्याचा मुलगा रिक्षा चालवू लागतो, संबळ खुंटीवर जाते, तांड्यावरील आजी एक दिवस दिसेनाशी होते. त्याची बातमी होत नाही आणि मदतफेरीही निघत नाही.

येत्या वर्षी प्रारंभ करावयाचा झाल्यास हालचाल वैशाखातच व्हावी लागेल. मुख्याध्यापकांची वेळापत्रके ज्येष्ठात ठरतात आणि कलावंत लग्नसराईच्या अखेरीस घरी सापडतात. प्रथम नांदेड शहराबाहेरील दोन आणि औसा परिसरातील एक अशा तीनच शाळा घ्याव्यात. ट्रस्टने एक वही घालावी. तीत प्रत्येक भेटीची तारीख, वर्ग आणि कलावंताची सही किंवा अंगठा असावा. एक बारीकशी अडचण आधीच सांगून ठेवलेली बरी. पावसाळ्यात हलगीचे कातडे ओल धरते, आवाज बसतो, आणि वाजविण्यापूर्वी ती विस्तवावर शेकावी लागते. शाळेत विस्तव कोठे मिळणार? शालेय पोषण आहाराची खिचडी जेथे शिजते, त्या स्वयंपाकखोलीत. तेथे काम करणाऱ्या बाईंना मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे हलगीवाला दारात येऊन संकोचाने उभा राहणार नाही.

जय जिनेंद्र!